इतर हक्क भिंगारदिवे

नगरच्या एका डेपोत भिंगारदिवे आडनावाचे दोन कंडक्टर आहेत. एक नुसते भिंगारदिवे. दुसरे इतर हक्क भिंगारदिवे. हे दुसरे म्हणजे भीमराज मास्तर. हे नाव त्यांना कुणी वाईटपणाने ठेवलेलं नाही. ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःच्या खर्चाने, कँटीनमध्ये एक किलो पेढे वाटून मिळवलंय.

मास्तरांची सत्तावीस वर्षांची नोकरी झाली. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर असं लिहितात, पण मास्तर दारात उभे राहून नाकातून ओरडतात ते "नग्गर नग्गर नग्गर!" असंच. त्यांच्या डोक्यात जिल्ह्याचा नकाशा नाही, टप्पे आहेत. सहा किलोमीटरचा एक टप्पा. कुणी म्हटलं, राहुरीला लग्न आहे, की मास्तरांच्या मनात आधी टप्पे मोजले जातात, मग आहेर. असा माणूस अंतरात फसेल का? फसला. तेच तर सांगायचंय.

मास्तर तेव्हा राहायचे सावेडीत, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत. घरमालक सभ्य. त्यांनी पहिल्याच दिवशी जिना चढता चढता हळू आवाजात सांगितलं होतं, "बाकी काही नाही हं भिंगारदिवे, फक्त भिंतीला खिळा नको. प्लॅस्टर सुटतं." त्यावर मास्तर म्हणाले होते, "छे छे, खिळा कशाला!" हे वाक्य त्यांना अकरा वर्षं पुरलं. घरात बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा एकत्र फ्रेम केलेला मोठा फोटो होता. तो अकरा वर्षं फ्रिजवर भिंतीला टेकून उभा होता. फ्रिज सुरू झाला की घरघरायचा, आणि फोटो रोज बोटभर पुढे सरकायचा. रोज सकाळी अंगणवाडीत जायच्या आधी जया, म्हणजे मास्तरांची बायको, तो दोन्ही हातांनी मागे सारायची आणि नवऱ्याकडे बघायची. बोलायची काही नाही. मास्तर म्हणतात, त्या बघण्यापेक्षा तिकीट तपासणीसाची धाड बरी.

एकदाच ती बोलली होती. "मला बंगला नको, अंगण नको. एक भिंत पाहिजे. खिळा मारताना कुणाला विचारायला लागू नये."

मास्तरांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. बँकेत जे साठलं होतं ते एकदाच वापरता येणार होतं. चुकलं तर दुसरी गाडी नव्हती, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

आणि मग कँटीनमध्ये रविराज आला.

रविराज जमिनीचा एजंट. पांढरा शर्ट, पांढरे बूट. दर चार शब्दांनी "सर" म्हणायची त्याला सवय. सत्तावीस वर्षांत मास्तरांना लोकांनी "ओ मास्तर", "ओ कंडक्टर", "ओ सुट्टे" अशी हाक मारली होती. सर कुणीच म्हटलं नव्हतं. मास्तर नंतर स्वतःच कबूल करायचे, "मी जमिनीला नाही भुललो. मी 'सर'ला भुललो."

"सर, आज तुम्ही मशिनमधून तिकीट काढताय सर. पाच वर्षांनी जमिनीतून पैसा काढाल सर."

"कुठं आहे जागा?"

"सुप्याच्या जरा पुढं सर. एमआयडीसी शेजारीच सर. रोड टच. आणि समोर पवनचक्की व्ह्यू सर."

"नगरहून किती लांब?"

"पंचवीस मिनिटं सर."

इथे कुठल्याही कंडक्टरने म्हणायला हवं होतं, बाबा रे, सुपाच सहा टप्पे आहे, तुझं विमान कुठल्या स्टँडवरून सुटतं? मास्तर म्हणाले, "अरे वा, जवळच की."

रविवारी रविराजने त्यांना गाडीतून नेलं. काचा वर, एसी गार, हातात शहाळं, गाण्याचा आवाज बेताचा. मास्तर आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं तिकीट न काढता सुप्याच्या रस्त्याने चालले होते. त्या सुखात त्यांनी खिडकीबाहेर बघितलंच नाही. उतरले तर माळरान. त्यावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा, रेघांत खुंट्या, खुंट्यांवर नंबर. कोपऱ्यात "गार्डन" अशी पाटी आणि पाटीखाली तरवडाचं एक झुडूप.

"हा सात नंबर सर. जागा बोलते सर, ऐका तुम्ही."

मास्तरांनी खरंच कान दिला. वारा तेवढा बोलत होता.

जमिनीचा मालक सहादू तिथेच उभा होता. डोक्याला उपरणं, पायात झिजलेल्या चपला, नजर कायम कुणाच्या तरी बुटांवर. रविराज काहीही म्हणाला की सहादू म्हणायचा, "व्हय." पाणी लागतं का? "व्हय." रस्ता बारमाही आहे का? "व्हय." मास्तरांना वाटलं, शब्दाला पक्का माणूस दिसतो. एकच शब्द आहे, पण पक्का.

ठरलं. शुक्रवारी इसार द्यायचा, म्हणजे बोली पक्की म्हणून अर्धी रक्कम. अर्धी म्हणजे बँकेतलं बहुतेक सगळंच.

त्या संध्याकाळी रविराजने मोबाईलवर जमिनीचा सातबारा पाठवला. आयुष्यात प्रथमच मास्तरांनी असा कागद नीट वाचला. डाव्या बाजूला सहादूचं नाव. उजव्या बाजूला एक रकाना: 'इतर हक्क'. त्यात बरंच काही लिहिलेलं. विहीर सामाईक. खाली एक फेरफार नंबर. आणि एक नाव, बनाबाई.

मास्तरांची छाती फुगली. नुसती जमीन नाही! इतर हक्कसुद्धा आहेत! शेजारच्या गटाचा सातबारा त्यांनी मुद्दाम उघडून बघितला. तिथे इतर हक्कात एक आडवी रेघ. काहीच नाही बिचाऱ्यांना.

दुसऱ्या दिवशी पेढे आले. मास्तर कँटीनच्या बाकावर उभे राहिले. "मंडळी, जमिनी पुष्कळ जण घेतात. पण आपल्या जमिनीला इतर हक्क आहेत! विहीर आहे, बाकीचंही बरंच आहे. सगळं लेखी!"

टाळ्या पडल्या. दिलावरभाईंनी मात्र पेढा अर्धाच खाल्ला. दिलावरभाई ड्रायव्हर. मास्तरांची आणि त्यांची जोडी चौदा वर्षांची. मास्तरांनी दोरी एकदा ओढली की गाडी थांबवायची, दोनदा ओढली की सोडायची, यापलीकडे दोघांत कधी वाद झाला नव्हता.

"मास्तर," दिलावरभाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, "ये बनाबाई कोण?"

"असेल ती... व्यवस्था बघणारी. राखण वगैरे."

"राखणवालीचं नाव सरकार सातबाऱ्यावर लिहितं? माझी एवढी सर्व्हिस झाली, माझं नाव त्या बसवर पण नाही."

"दिलावरभाई, तुम्हाला जमिनीतलं कळत नाही."

"नाही कळत," दिलावरभाई म्हणाले. "म्हणून तर विचारलं. तुम्हाला पण नाही कळत, फरक एवढाच की तुम्ही पेढे वाटले."

घरी जयाने पेढा खाल्ला आणि हात पुसून सातबारा मागितला. जया गेली एकोणीस वर्षं अंगणवाडीत सरकारी रजिस्टरं भरते. तिने तो कागद मास्तरांसारखा वाचला नाही. आधी रकान्यांची नावं वाचली, मग आतलं.

"हे 'इतर' म्हणजे काय?"

"आपल्याला मिळणारे इतर हक्क."

"आमच्या रजिस्टरला पण 'इतर' रकाना असतो. त्यात आम्ही गोवर लिहितो, जुलाब लिहितो, बाप दारू पितो ते लिहितो. चांगलं असतं ते वरच्या रकान्यात बसतं हो. सरकारच्या कागदात 'इतर' म्हणजे न मिटलेलं." तिने बोट खाली नेलं. "आणि ही बनाबाई? ही पण मिळणार का प्लॉटबरोबर?"

मास्तर हसले. मग थांबले. मग फ्रिजवरचा फोटो उगाच मागे सारला.

"बुधवारी तुमची सुट्टी आहे," जया म्हणाली. "मी रजा टाकते. जागा बघून येऊ."

"रविराजला गाडी आणायला सांगतो."

"कशाला? लाल डबा आहे की."

बुधवारी पारनेरच्या बसवर दिलावरभाईच होते. तिकीट काढायला पंकजा नावाची नवी कंडक्टर. जयाने बायकांचं अर्धं तिकीट घेतलं. मास्तरांकडे पास. पंकजाने मशिनवर बटणं दाबली आणि सहज विचारलं, "मास्तर, सात टप्पे ना?"

मास्तरांनी खिडकीकडे तोंड वळवलं. सात टप्पे. बेचाळीस किलोमीटर. एसीच्या गारव्यात सातही टप्पे वितळले होते! गाडी रस्त्यातल्या प्रत्येक हाताला थांबत, चढत-उतरत फाट्यावर पोचली तेव्हा सव्वा तास झाला होता. तिथून माळापर्यंत पायी अजून पंचवीस मिनिटं. "रविराज खोटं बोलला नाही," मास्तर घाम पुसत म्हणाले. "पंचवीस मिनिटं म्हणाला होता, ती ही." जया हसली नाही. पायांत कुसळं जात होती.

माळावर वाऱ्याने फक्की उडून गेली होती. रोड टचमधला रोड गेला होता, नुसता टच उरला होता. खुंट्या होत्या. सात नंबरच्या खुंटीला एक शेळी बांधलेली. बाभळीखाली एक म्हातारी काठी आडवी ठेवून बसलेली.

"कोन पायजे?"

"प्लॉट बघायला आलोय, मावशी," मास्तर म्हणाले.

"कंचा?"

"सात नंबर."

"त्याला शेळी बांधलीया. सोडू का?"

"नको, असू द्या. राहू द्या तिला."

जया म्हातारीशेजारी खाली बसली. "मावशी, नाव काय तुमचं?"

"बनाबाई."

मास्तर म्हणतात की तेव्हा त्यांना वाटलं, मोबाईलमधून ते बारीक अक्षर उडी मारून बाहेर आलं आणि काठी घेऊन बसलं. जया शांतपणे म्हणाली, "अहो, हे बघा, तुमचे इतर हक्क. जय भीम घाला."

मास्तरांनी खरंच हात जोडले.

बनाबाईने सांगितलं ते असं. सहादू तिचा धाकटा भाऊ. बाप गेला तेव्हा भावाचं नाव वर लागलं. तिचं लागलं कडेला. "तलाठी म्हनला, आक्का, तुजं बी नाव हाय, काळजी करू नगं. हितं हाय, इतर हक्कात. म्या म्हनलं, बरं. आता बावीस वरीस झाली. वर कोन जेवतंय, कडंला कोन बसलंय, कुनी इचारलं न्हाई."

"मग ही जागा विकायला तुमची सही लागते?"

"लागंल न्हाई तर काय! माझी सही न्हाई, तर हितला खडा बी हालत न्हाई."

एवढ्यात सहादू धावत आला. आज त्याच्याकडे 'व्हय' सोडून दुसरेही शब्द होते.

"आक्का, तू हितं कशाला उनात बसलीया? पाव्हनं, तुमी आज कसं काय? शुक्रवारी हुतं न्हवं?"

"सहादूभाऊ, बहिणीची सही घेतली का?" मास्तरांनी विचारलं.

सहादूने मास्तरांच्या चपलांकडे बघितलं. "रविराज शेठ म्हनला, आधी इसार घेऊ. आक्काचं मागनं बगू."

"मागनं," बनाबाई म्हणाली. "आरं, बावीस वरीस मागनंच बगाय लागलाय की तू! माझ्याकडं पुढनं कवा बगनार?"

सहादू उपरणं सारखं करायला लागला. शेळीच ओरडली.

मास्तरांनी घसा साफ केला. तिकिटाच्या वादात शेवटचा प्रश्न विचारावा तसा विचारला. "मावशी, समजा आम्ही घेतली. तुम्ही सही करणार नाही?"

"म्या न्हाई कवा म्हनले?" म्हातारी म्हणाली. "ही बाभळ माझ्या आयनं राखली. हिच्या सावलीला मी वाढले. इका, मला काय उरावर न्यायची हाय? पर व्हय म्हनायला तरी कुनी इचारायला यावं का न्हाई? तुमी एवढ्या लांबून शेळी बगाय आला, आनि ह्यो माझा भाव वस्तीवरनं आला न्हाई."

जयाने मास्तरांकडे बघितलं. फ्रिजपाशी बघते तसंच. पण या वेळी तिच्या बघण्याची गरज नव्हती. मास्तरांनी मनातल्या मनात स्वतःच्या कानाखाली वाजवून घेतली होती. वा भीमराज, अकरा वर्षं एका खिळ्यासाठी परवानगी नाही म्हणून रडतोस, आणि आलास तो थेट दुसरीच्या भिंतीत खिळा ठोकायला, तेही पेढे वाटून!

बनाबाईने वस्तीवर नेऊन गुळाचा कोरा चहा पाजला. चहा गोड होता. सहादू दारातच उभा राहिला. निघताना जया त्याला म्हणाली, "भाऊ, आधी बहिणीशी बोला. मग विका नाहीतर ठेवा." सहादू म्हणाला, "व्हय." या वेळी तो शब्द जरा खरा वाटला.

परतीची बस दिलावरभाईंचीच. पारनेरला जाऊन वळून आली होती. गर्दी होती. मास्तर सवयीने दाराजवळ उभे राहिले. सुप्याच्या अलीकडे फोन वाजला.

"सर, शुक्रवारचं पक्कं ना सर? दुसरी पार्टी पण आहे सर. आठ नंबरवाल्यांनी सात नंबर पण मागितलाय सर. आज थोडं जरी टोकन टाकलं सर, तर—"

सत्तावीस वर्षांत त्यांना नाही म्हणायची एकच पद्धत माहीत होती. त्यांचा हात आपोआप वर गेला आणि दोरी एकदा ओढली गेली. टण्ण!

चौदा वर्षांची सवय. दिलावरभाईंनी करकचून ब्रेक दाबला. उभे प्रवासी एकमेकांवर, कोथिंबिरीची पिशवी पंकजाच्या अंगावर, एक पोरगं रडायला लागलं.

"कोण उतरतंय?" दिलावरभाई मागे वळून ओरडले. "इथं स्टॉप नाही!"

"मी," मास्तर म्हणाले. "प्लॉटमधून."

"हॅलो सर? सर?"

"रविराज, उतरलो मी. बनाबाईला विचारून ये, मग बोलू." मास्तरांनी फोन ठेवला.

पंकजा कोथिंबीर झटकत म्हणाली, "मास्तर, सुट्टीवरच्या माणसाने घंटी मारायची नसते!" दिलावरभाईंना आरशात मास्तरांचा चेहरा दिसला आणि जे समजायचं ते समजलं. ते म्हणाले, "मार ग बाई डबल. चौदा वर्षांत आज पहिल्यांदा यांनी घंटी बरोबर टायमाला मारली."

मागच्या सीटवरून जया म्हणाली, "माझं अर्धं तिकीट वसूल झालं."

डेपोत ही गोष्ट कुणी उडवायच्या आत मास्तरांनीच उडवली. पुन्हा त्याच बाकावर उभे राहिले. "मंडळी, पेढे परत मागत नाही. पण कुणाला जमीन घ्यायची असेल तर माझ्याकडे या. काय करावं ते मला माहीत नाही. मी काय काय केलं ते सांगतो, त्याच्या उलटं करा."

तेव्हापासून लोक येतात. गाडी उभी असली की एखादा बाकड्यावर बसतो, मोबाईलवर सातबारा काढतो आणि म्हणतो, "इतर हक्क, जरा बघा ना." मास्तर चष्मा लावतात.

"आधी सांग, बघायला कशात बसून गेलतास? एजंटच्या गाडीत? मग ते बघणं धरू नको. एसटीने जा, फाट्यावर उतर, चालत जा. पाय खोटं बोलत नाहीत. आणि शेजारच्या वावरातल्या माणसाशी बोल. मालक व्हयच म्हणतो, शेजारी न्हाई म्हणतो. न्हाई काय म्हणतो तेवढं ऐक."

"कागद?"

"डावी बाजू सगळेच वाचतात. तू उजवी वाच. इतर हक्कात जेवढी नावं, तेवढ्या घरी चहा प्यायचा. चहा मिळाला नाही तर जमीन पण घ्यायची नाही. तिथं फेरफार नंबर असेल तर तो काढून वाच, कुणाचं नाव कधी आणि कसं चढलं ते त्यात कळतं. मोजणी आपल्या समोर करून घे. फक्की म्हणजे मोजणी नव्हे, फक्की वाऱ्याची असते. रस्ता कागदावर आहे का बघ. आणि वकील आपण निवडलेला पाहिजे. एजंट म्हणेल आमचा वकील आहे. आमचा म्हणजे त्यांचा."

"आणि इसार?"

"सगळं झाल्यावर. चेकने." मग मास्तर चष्मा काढतात. "आणि सगळ्यात महत्त्वाचं. पेढे शेवटी. पेढे वाटले की माणूस मागे फिरायला लाजतो. मी पेढ्यांमुळे बुडणार होतो, जमिनीमुळे नाही."

पुढच्या वर्षी मास्तरांनी सावेडीतच घर घेतलं. जमीन नाही, फ्लॅट. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घेताना त्यांनी सगळ्यांना इतका ताप दिला की सोसायटीच्या सेक्रेटरींना वाटलं, हे इन्कमटॅक्सवाले आहेत. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता जाऊन नळ सोडून बघितला. मूळ जमिनीचे तीस वर्षांचे उतारे काढले. विकणाऱ्याची बहीण राहुरीला असते असं कळलं, तर जयाला घेऊन तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "अहो पण माझा काही संबंध नाही, घर दादाने स्वतःच्या पगारातून घेतलंय." मास्तर म्हणाले, "नसू द्या ताई. चहा घेऊनच जातो."

ताबा मिळाला त्या सकाळी दिलावरभाई हातोडी घेऊन हजर झाले. जयाने फोटो पुसून ओढणीत गुंडाळून आणला होता. खोलीत अजून एक खुर्चीही नव्हती. तिने भिंतीवर पेन्सिलने खूण केली, जरा मागे सरकून बघितलं, खूण दोन बोटं वर घेतली आणि कुणालाही न विचारता खिळा ठेवला.

"मारा," ती म्हणाली.

मास्तरांनी हातोडी मारली. खिळा वाकला. दुसरा घेतला. तोही वाकला. तिसरा उडाला तो दिलावरभाईंच्या चहात पडला.

"मास्तर, ही काँक्रीटची भिंत आहे," दिलावरभाई खिळा बोटाने बाहेर काढत म्हणाले. "ड्रिलवाला लागेल. तो गुरुवारी येतो."

मास्तर हातोडी घेऊन उभे राहिले. नळ बघितला होता, उतारे बघितले होते, राहुरीची बहीण बघितली होती. भिंत हाताने ठोकून बघायची राहिली होती. फक्त भिंत.

"हे पण सांगत जा लोकांना," जया म्हणाली. हसू दाबायला तिने फोटोच तोंडासमोर धरला होता, पण खांदे हलत होते.

संध्याकाळी सामान आलं आणि फोटो गुरुवारपर्यंत पुन्हा फ्रिजवर राहिला. फ्रिज घरघरला, फोटो बोटभर सरकला. सकाळी जयाने तो मागे सारला आणि वळून नवऱ्याकडे न बघता भिंतीवरच्या त्या पेन्सिलच्या खुणेकडे बघितलं.

मास्तर म्हणतात, बारा वर्षांत प्रथमच त्यांना त्या सकाळी चहा सुखाने पिता आला.